मानसशास्त्राची ओळख करून देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : सविस्तर परीक्षण

मानसशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमाकडून माझी पहिली अपेक्षा अशी असते की, तो पूर्ण केल्यावर मन आणि वर्तन यांविषयीचे एखादे विधान कानावर पडताच विद्यार्थ्याला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न पडावा आणि त्याचे उत्तर कोणत्या प्रकारच्या पुराव्यात शोधायचे, याचा अंदाजही बांधता यावा. संज्ञा पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरल्याही जातात. पुरावा तपासण्याची सवय लागली, तर विषय सुटल्यावरही ती कामी येते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काय पाहायला सुचवावे, हा प्रश्न शिकवताना मला दरवर्षी पडतो आणि त्यासाठीच एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पहिल्या पाठापासून अखेरच्या चाचणीपर्यंत पूर्ण केला. त्याचे नाव येथे घेत नाही. त्याच्या उणिवांची चर्चा मला मोकळेपणाने करायची आहे आणि त्यातल्या बऱ्याच उणिवा याच धाटणीच्या इतर अभ्यासक्रमांतही आढळतात, त्यामुळे कोणताही प्राथमिक अभ्यासक्रम पारखताना या परीक्षणाचा उपयोग होईल, असे वाटते.

अभ्यासक्रमात चित्रफितींचे पाठ, प्रत्येक पाठाला जोडलेले लेखी टिपण, प्रकरणाच्या शेवटी बहुपर्यायी चाचणी आणि काही ठिकाणी स्वतः करून पाहण्याचे छोटे प्रयोग आहेत. सुरुवात मानसशास्त्रातील संप्रदायांपासून होते, मग मेंदू, संवेदन, अध्ययन, स्मृती, विकास, व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक वर्तन ही प्रकरणे येतात, शेवटी शाखांचा परिचय आणि संशोधनपद्धतींवरचा एक पाठ आहे. संप्रदाय, अध्ययन आणि स्मृती ही प्रकरणे मला फार आवडली. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणाने निराशा केली. सामाजिक मानसशास्त्राचे प्रकरण रंजक असूनही अर्धवट वाटले आणि शाखांच्या प्रकरणात लेखकांची घाई स्पष्ट दिसते.

संप्रदायांविषयी आधी लिहितो, कारण बहुतेक प्राथमिक पाठ्यपुस्तकांचे पाऊल इथेच घसरते. रचनावाद, कार्यवाद, मनोविश्लेषणवाद, वर्तनवाद, समष्टिवाद, मानवतावाद आणि बोधनिक मानसशास्त्र अशी यादी द्यायची, प्रत्येकापुढे प्रवर्तकाचे नाव आणि दोन ओळींचे सार लिहायचे, ही नेहमीची पद्धत. त्यातून विद्यार्थ्याचा असा समज होतो की, हे सात स्वतंत्र पंथ असून त्यांतला आवडेल तो निवडायचा असतो. या अभ्यासक्रमाने ती वाट टाळली आहे. प्रत्येक संप्रदाय आधीच्या संप्रदायाच्या कोणत्या अडचणीतून उभा राहिला, हे सांगण्यावर त्याचा भर आहे.

त्यातला रचनावादाचा, म्हणजे जाणिवेचे मूळ घटक शोधू पाहणाऱ्या संप्रदायाचा, पाठ उदाहरणादाखल घेतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली, ही माहिती सर्वत्र मिळते. या पाठात मात्र त्या प्रयोगशाळेत नेमके काय चालत असे, ते करून पाहायला लावले आहे. पडद्यावर लयमापकाचे ठोके ऐकू येतात. दोन ठोक्यांमधल्या क्षणी काय जाणवते आणि ठोका पडल्यावर काय जाणवते, हे विद्यार्थ्याने लिहायचे असते. ठोका येण्याआधीचा ताण आणि तो आल्यानंतरची सुटका, वेग वाढवल्यावरची उत्तेजना आणि कमी केल्यावरची शांतता, एखादी लय सुखद वाटणे आणि दुसरी नकोशी वाटणे, अशा तीन जोड्यांत वुंट यांनी भावनांची मांडणी केली होती आणि लयमापकाचा वापर त्यांनी स्वतः त्यासाठी केला होता. शेवटी अनेक विद्यार्थ्यांच्या नोंदी शेजारीशेजारी दाखवल्या जातात. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकाला जो वेग उत्तेजक वाटतो, तो दुसऱ्याला कंटाळवाणा वाटतो आणि दोघांपैकी कोणाची नोंद बरोबर आहे हे ठरवण्याचा कोणताही मार्ग आपल्याजवळ नसतो, हे त्या नोंदी पाहताना आपोआप ध्यानात येते.

याच ठिकाणी पाठ अंतर्निरीक्षणाच्या, म्हणजे स्वतःच्याच मनात डोकावून नोंद करण्याच्या, पद्धतीची खरी अडचण पुढे आणतो. कॉर्नेल येथील टिचनर यांचे प्रशिक्षित निरीक्षक प्रत्येक विचाराच्या तळाशी संवेदना आणि प्रतिमा आढळत असल्याचे सांगत, तर क्यूल्पे यांच्या व्यूर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत प्रतिमेविना विचार येत असल्याच्या नोंदी होत होत्या. दोन्हीकडचे निरीक्षक प्रशिक्षित आणि दोन्हीकडची पद्धत अंतर्निरीक्षणाचीच, तरीही निष्कर्ष परस्परविरोधी होते. दोन्ही बाजूंना तपासता येईल असा तिसरा पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता. ही कोंडी समजल्यावर जॉन वॉटसन यांनी १९१३ च्या लेखात मनाच्या आतल्या घडामोडींऐवजी बाहेरून दिसणारे वर्तन हाच मानसशास्त्राचा विषय असावा, अशी टोकाची भूमिका का घेतली, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वर्तनवाद म्हणजे मन नाकारणाऱ्या हटवादी लोकांचा पंथ, असा समज करून आलेल्या विद्यार्थ्याला त्यामागची गरज येथे दिसते. अनेक पाठ्यपुस्तकांना दहा पानांत जे साधत नाही, ते या एका पाठाने साधले आहे.

कार्यवादाला त्या मानाने कमी वेळ मिळाला आहे आणि ते मला खटकले नाही. विल्यम जेम्स यांचा १८९० चा दोन खंडांतील ग्रंथ, जाणिवेचा अखंड प्रवाह ही त्यांची कल्पना, मनाचे घटक शोधण्यापेक्षा मन कशासाठी उपयोगी पडते हे विचारण्याचा आग्रह आणि त्या आग्रहातून शैक्षणिक व उपयोजित मानसशास्त्राला मिळालेली चालना, एवढे आले की प्राथमिक पातळीवर पुरते. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांचा उल्लेख या पाठात आहे, याचे समाधान वाटले. पीएच.डी.साठी लागणारे सर्व काम हार्वर्डमध्ये पूर्ण करूनही केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना ती पदवी नाकारली गेली आणि पुढे १९०५ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

समष्टिवादाच्या, म्हणजे अनुभव तुकड्यांत न पाहता समग्र पाहावा असे मानणाऱ्या संप्रदायाच्या, पाठातले प्रात्यक्षिकही तितकेच चांगले आहे. वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला भासमान गतीचा अनुभव पडद्यावर घेता येतो. दोन रेषा आळीपाळीने चमकतात आणि त्यांच्यातले अंतर किती काळाचे असावे, हे विद्यार्थी सरकपट्टी हलवून ठरवतो. अंतर जास्त असताना दोन रेषा एकामागून एक दिसतात, अगदी कमी असताना त्या एकदम दिसतात आणि मधल्या एका टप्प्यावर एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते, जरी प्रत्यक्षात काहीही सरकत नसते. संवेदनांचे तुकडे वेगवेगळे मोजून हा अनुभव का समजणार नाही, हे सरकपट्टी हलवणाऱ्याला पटते. त्यानंतर कोहलर यांनी टेनेरिफ बेटावर चिंपांझींवर केलेल्या निरीक्षणांचा भाग येतो. दोन काठ्या एकमेकींत बसवून लांबची वस्तू ओढून घेणाऱ्या सुलतान या चिंपांझीची हकीकत सांगताना निवेदक तिचा संबंध थेट प्रयत्न-प्रमाद अध्ययनाशी जोडतो, त्यामुळे ती नुसती गोष्ट म्हणून संपत नाही.

बोधनिक मानसशास्त्राचा, म्हणजे स्मृती, भाषा, विचार अशा मनातल्या प्रक्रिया अभ्यासणाऱ्या संप्रदायाचा, उदय सांगताना मात्र अभ्यासक्रम थोडा वाहवत गेला आहे. मिलर यांचा अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेविषयीचा १९५६ चा लेख, चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषाविषयक पुस्तकावर १९५९ मध्ये लिहिलेले परखड परीक्षण आणि नाइसर यांचा १९६७ चा ग्रंथ अशी पायरी-पायरीने मांडणी करून ‘वर्तनवाद संपला’ असा सूर लावला आहे. हे चित्र अतिसुलभ आहे. वर्तनवादाच्या छावणीत असतानाच टोलमन आणि हाँझिक यांनी १९३० मध्ये दाखवले होते की, चक्रव्यूहात दहा दिवस अन्नाशिवाय भटकलेल्या उंदरांना अकराव्या दिवसापासून अन्न मिळू लागताच त्यांच्या चुका झपाट्याने घटल्या, म्हणजे बक्षीस मिळत नसतानाही ते वाटा शिकत होते. हा प्रयोग अध्ययनाच्या प्रकरणात येतो खरा, परंतु त्याची जागा येथे होती. वर्तनोपचारातून आजही वापरात असलेली तंत्रे पाहता वर्तनवाद संपला असे म्हणणे तर चुकीचेच आहे.

अध्ययनाचे प्रकरण या अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. पावलोव्ह हे पचनक्रियेचे अभ्यासक होते, १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले आणि कुत्र्यांना अन्न दिसण्याआधीच लाळ सुटू लागणे हा त्यांच्या मूळ प्रयोगांतला अडथळा होता, हे सांगितल्यामुळे अभिजात अभिसंधानाचा (दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने एकीला दुसरीचा प्रतिसाद जडण्याचा) शोध कसा लागला ते नीट कळते. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘लिटल अल्बर्ट’चा प्रयोग सांगताना निवेदकाने त्यातले अनैतिक अंग लपवलेले नाही. पांढरा उंदीर दिसताच पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटून तान्ह्या मुलाला घाबरवले गेले आणि निर्माण केलेली भीती घालवण्याचा प्रयत्न न करताच ते मूल प्रयोगातून गेले, ही माहिती दिल्यानंतर पाठ थांबत नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या मुलाच्या मनातली सशाची भीती, तो आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणत, कशी कमी केली हे तो तपशिलाने सांगतो आणि तिथून थेट वोल्पे यांच्या पद्धतशीर असंवेदनीकरणापर्यंत, म्हणजे भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सरावण्याच्या उपचारापर्यंत, पोहोचतो. भीती शिकवता येते, तर ती विसरवताही येते, ही चिकित्सा मानसशास्त्रातील मोठी कल्पना एका ससा दाखवण्याच्या कृतीतून कशी वाढली, हे विद्यार्थ्याला कळते. जोन्स यांना इतकी जागा देणारा प्राथमिक अभ्यासक्रम मी याआधी पाहिलेला नाही.

साधक अभिसंधानाचा, म्हणजे वर्तनाच्या परिणामांतून होणाऱ्या अध्ययनाचा, पाठही नेटका आहे. प्राथमिक पातळीवर सर्वाधिक गोंधळ ज्या संज्ञेचा होतो, ती म्हणजे ऋण प्रबलन. ऋण या शब्दामुळे विद्यार्थी तिला शिक्षा समजतात. पाठात स्पष्ट केले आहे की, प्रबलनाने वर्तन नेहमी वाढते, मग काहीतरी हवेसे मिळाल्याने वाढो किंवा काहीतरी नकोसे दूर झाल्याने; शिक्षेने ते घटते. गाडीत पट्टा लावताच बंद होणाऱ्या कर्कश आवाजाचे उदाहरण अचूक आहे. या प्रकरणाच्या चाचणीतला एक प्रश्न मात्र सदोष आहे. दुकानात रडून गोंधळ घालणाऱ्या मुलाला पालक खेळणे घेऊन देतात आणि मूल शांत होते, अशी परिस्थिती देऊन हे कोणते प्रबलन, असे विचारले आहे. त्याचे उत्तर कोणाच्या वर्तनाविषयी विचारले आहे यावर अवलंबून आहे. मुलाच्या रडण्याला खेळण्यामुळे धन प्रबलन मिळाले, तर पालकांच्या खेळणे घेऊन देण्याला गोंधळ थांबल्यामुळे ऋण प्रबलन मिळाले. चाचणीत ‘धन प्रबलन’ हे एकच उत्तर ग्राह्य धरले आहे आणि प्रश्नात कोणाचे वर्तन अभिप्रेत आहे ते सांगितलेले नाही. विचार करून दुसरे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला आपले चुकले असे वाटेल, याचे मला वाईट वाटते. खरे तर याच प्रसंगाची दोन्ही अंगे विचारली असती, तर पालक आणि मूल एकमेकांना कसे शिकवत जातात हे शिकवण्याची उत्तम संधी मिळाली असती.

स्मृतीच्या प्रकरणात आशय आणि मांडणी यांचा चांगला मेळ बसला आहे. एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतः एकट्यावरच केले होते. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. पहिल्या तासातच ही बचत निम्म्याखाली येते आणि त्यानंतरची घसरण मंद होत जाते, हा विस्मरणाचा वक्र एकाच व्यक्तीवर आधारलेला असूनही २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीत बराचसा तसाच आढळला. पाठात हे सांगितले आहे आणि एका व्यक्तीवरच्या प्रयोगावर कधी विश्वास ठेवावा आणि कधी ठेवू नये, या प्रश्नाची चर्चाही केली आहे. त्यापुढे रोडिगर आणि कार्पिके यांचे २००६ चे संशोधन येते. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांनी बाजी मारली, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत वाचल्यावर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. या निष्कर्षाला अनुसरूनच अभ्यासक्रमाने आपल्या चाचण्या आखल्या आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या चाचणीत आधीच्या दोन-तीन प्रकरणांवरचे प्रश्न परत येतात, आणि मला तरी त्याचा फायदा स्पष्ट जाणवला.

हेन्री मोलेसन यांच्यावरचा पाठ स्वतंत्रपणे उल्लेखण्याजोगा आहे. आकडीचा तीव्र त्रास कमी करण्यासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील अश्वमीनासह (हिप्पोकॅम्पससह) काही भाग काढण्यात आला आणि त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सराईत होत गेला, परंतु हे काम आपण आधी केले आहे, हे त्यांना एकदाही आठवत नसे. पाठात विद्यार्थ्यालाही तसाच तारा आरशात पाहून गिरवायला सांगितले आहे. पहिल्या फेरीत कोपऱ्यावर पेन्सिल अडते, हात नेमका उलट्या दिशेला जातो आणि काही फेऱ्यांनंतर तोच कोपरा न अडखळता पार होतो. यात नेमके काय शिकलो, हे शब्दांत मांडता येत नाही. स्मृती एकसंध नसून कौशल्याची आणि घटनांची स्मृती वेगवेगळ्या यंत्रणांवर उभी आहे, ही गोष्ट हातानेच कळते. मोलेसन यांचे नाव २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत संशोधनात केवळ आद्याक्षरांनी येत असे, हेही येथे आदराने सांगितले आहे.

विकासाचे प्रकरण समाधानकारक आहे. पियाजे यांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्था, अक्षय्यतेचे (आकार बदलला तरी प्रमाण तेच राहते, हे मुलांना कळते का ते पाहणारे) प्रयोग आणि व्हायगॉट्स्की यांची समीपस्थ विकासक्षेत्राची (मुलाला एकट्याने जमत नाही, पण मदतीने जमते अशा टप्प्याची) कल्पना यांची मांडणी बरोबर आहे. पियाजे यांनी लहान मुलांची क्षमता काही बाबतींत कमी लेखली होती, हे नंतरच्या संशोधनाच्या आधारे सांगितले आहे. हार्लो यांच्या माकडांच्या प्रयोगांवरही एक पाठ आहे. या सर्वांत नवे फारसे नाही, पण चुकीचेही काही नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणाविषयी मात्र मला तक्रार करायची आहे. त्यातला बहुतांश वेळ फ्रॉइड यांना दिला आहे, ज्यात इदम्, अहम् आणि पराहम्, बचावयंत्रणा आणि मनोलैंगिक अवस्था यांची वर्णने येतात. ती माहिती म्हणून ठीक आहेत, पण पहिल्या प्रकरणात ज्या काटेकोरपणे ‘हे कशावरून?’ असे विचारले गेले, तो काटेकोरपणा येथे अचानक गळून पडतो. फ्रॉइड यांचा आधार मोजक्या रुग्णवृत्तांतांचा होता, कोणताही निकाल लागला तरी सिद्धांत त्याचे स्पष्टीकरण देऊ शकत असेल तर त्याची परीक्षा कशी घ्यायची, हा तत्त्वज्ञ पॉपर यांनी उपस्थित केलेला प्रश्न, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. फ्रॉइड यांची बाजू मांडण्याचा उत्तम मार्गही सोडून दिला आहे. बोल्बी हे मनोविश्लेषक होते. बालपणातील नात्यांचे महत्त्व त्यांनी त्याच परंपरेतून घेतले, प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाशी जोडले आणि मेरी एन्सवर्थ यांनी अनोळखी परिस्थितीच्या प्रयोगातून (ज्यात आई थोडा वेळ दूर गेल्यावर आणि परतल्यावर मूल कसे वागते ते पाहतात) ते पाहण्या-मोजण्याच्या कक्षेत आणले. एक जुनी कल्पना तपासण्याजोगी कशी होत गेली, याचे याहून चांगले उदाहरण प्राथमिक मानसशास्त्रात शोधून सापडणार नाही, परंतु हे दुवे अभ्यासक्रमात कुठेच जोडलेले नाहीत.

याच प्रकरणात मॅस्लो यांचा, भुकेसारख्या मूलभूत गरजांपासून आत्मविकासापर्यंत चढत जाणारा, गरजांचा त्रिकोण रंगीत पायऱ्यांसह दाखवला असून त्याच्या खाली १९४३ हे वर्ष दिले आहे. त्या वर्षीच्या लेखात असा त्रिकोण नाही. ते चित्र नंतर इतरांनी तयार केले. मॅस्लो यांनी स्वतः या क्रमाला अपवाद असल्याचे आणि वरची गरज जागी होण्यासाठी खालची गरज पूर्णपणे भागावीच लागते असे नसल्याचे लिहिले होते. त्रिकोणाच्या कडक पायऱ्यांत हे सर्व हरवते आणि विद्यार्थी ‘भुकेल्या माणसाला कला सुचत नाही’ असली विधाने मानसशास्त्राच्या नावावर करू लागतात. पाच प्रमुख गुणवैशिष्ट्यांच्या प्रतिमानाला, ज्यावर आजचे व्यक्तिमत्त्वविषयक संशोधन मोठ्या प्रमाणावर उभे आहे, जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत. चार अक्षरांत माणसाचा प्रकार सांगणारी लोकप्रिय चाचणी मात्र करमणूक म्हणून जोडली आहे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, ही महत्त्वाची गोष्ट तिच्यासोबत सांगायला हवी होती. बिने आणि सिमाँ यांची १९०५ ची बुद्धिमापन चाचणी शाळेत जास्तीची मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी होती आणि पुढे ती मूळ हेतूच्या विरुद्ध, जन्मजात क्षमता मोजण्यासाठी वापरली गेली, हा भाग त्यामानाने चांगला आला आहे.

सामाजिक मानसशास्त्राच्या प्रकरणात जमेची बाजू मोठी आहे. १९६४ मध्ये किटी जेनोव्हीज यांचा खून होताना ३८ साक्षीदार काहीही न करता पाहत राहिले, ही हकीकत वर्षानुवर्षे जशीच्या तशी छापली गेली. अभ्यासक्रम ती सांगतो, तिच्यातली अतिशयोक्ती दाखवतो आणि मग हकीकत सदोष असली तरी तिच्यातून निघालेला प्रश्न खरा होता, हे डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगातून स्पष्ट करतो. एका व्यक्तीला आकडी आल्याचे केवळ आवाजावरून कळत असताना, आपणच एकटे ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटल्यावर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले.

इतकी दक्षता मिलग्रॅम यांच्या बाबतीत घेतलेली नाही. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रयोगात प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे झटके देत आहोत असे समजून ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टपर्यंतचे बटण दाबले, हा एकच आकडा सांगून ‘माणूस आज्ञेपुढे शरण जातो’ असा निष्कर्ष काढला आहे. मिलग्रॅम यांच्या कामाचे खरे मोल त्यांनी परिस्थिती बदलून केलेल्या प्रयोगमालिकेत आहे. येल विद्यापीठाऐवजी एका साध्या कार्यालयात प्रयोग केला तेव्हा हे प्रमाण ४७.५ टक्के झाले आणि प्रयोगकर्ता दूरध्वनीवरून सूचना देऊ लागला तेव्हा ते सुमारे पाचव्या हिश्श्यावर आले. हे आकडे पाहिल्यावर निष्कर्ष माणसाच्या स्वभावाकडून परिस्थितीकडे वळतो. गटाच्या दबावाखाली रेषांच्या लांबीविषयी लोक काय उत्तर देतात, हे पाहणाऱ्या अॅश यांच्या प्रयोगातही तेच झाले आहे. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा चुकीच्या बहुमताबरोबर गेले, हे सांगितले. एकूण उत्तरांपैकी जवळपास दोन तृतीयांश उत्तरे बहुमताला न जुमानता दिलेली होती आणि खरे उत्तर देणारा एक साथीदार मिळताच दबाव कितीतरी कमी होत असे, हे वगळले. झिंबार्डो यांच्या १९७१ च्या, काही तरुणांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवून केलेल्या, तुरुंग प्रयोगाचे वर्णन तर चित्रपटासारखे केले आहे. दोन आठवड्यांसाठी आखलेला तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला, एवढे सांगून पाठ संपतो. पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हा नंतर पुराव्यानिशी घेतला गेलेला आक्षेप विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही.

शाखांच्या प्रकरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चिकित्सा, समुपदेशन, शैक्षणिक, औद्योगिक व संघटनात्मक, आरोग्य, क्रीडा आणि न्यायसहायक मानसशास्त्र यांची प्रत्येकी काही वाक्यांत ओळख दिली आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे प्रशिक्षण वेगळे असते, हा सर्वसामान्यांचा नेहमी गोंधळ उडवणारा भेद येथे नीट समजावला आहे, पण बेक आणि एलिस यांच्या कामातून आकाराला आलेली बोधनिक वर्तनोपचाराची (विचार आणि वर्तन यांत बदल घडवून मानसिक त्रास कमी करण्याची) पद्धत एका वाक्यात उरकली आहे, हे अन्यायकारक आहे. अपवाद फक्त न्यायसहायक मानसशास्त्राचा. तेथे लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग नीट मांडला आहे. एकाच अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या लोकांना प्रश्नात गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ असे म्हटले तेव्हा वेगाचा सरासरी अंदाज ताशी ३१.८ मैल आला आणि ‘धडाडून आदळल्या’ असे म्हटले तेव्हा ४०.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर फुटलेल्या काचांबद्दल विचारले असता, ‘आदळल्या’ असे ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी त्या पाहिल्याचे सांगितले, जरी चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, हा न्यायालयीन व्यवहारातला मुद्दा स्मृतीच्या प्रकरणाशी इतका सहज जोडला गेल्यामुळे इतर शाखांबाबतही असेच का केले नाही, याची हळहळ वाटते.

संशोधनपद्धतींचा पाठ अगदी शेवटी ठेवणे ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. पाठ स्वतः उत्तम आहे. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक, यादृच्छिक विभागणीचे महत्त्व आणि नमुन्याचा प्रश्न त्यात उदाहरणांसह येतो. मुक्त विज्ञानाच्या पुरस्कर्त्या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली, तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, तर पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच आढळले, ही माहिती संयमाने दिली आहे. ‘मानसशास्त्र खोटे’ असा सवंग निष्कर्ष त्यातून काढलेला नाही. हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायान यांनी २०१० मध्ये मांडलेला मुद्दाही येथे आहे. मानसशास्त्रातील बहुसंख्य प्रयोग पाश्चात्त्य, सुशिक्षित आणि सधन समाजांतल्या लोकांवर झालेले आहेत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष साऱ्या मानवजातीचे म्हणून सांगण्याआधी थांबावे, असे ते म्हणतात. दोन समान रेषा टोकांवरच्या बाणांमुळे लहानमोठ्या दिसण्याचा म्यूलर-लायर भ्रमदेखील सर्व समाजांत सारख्याच तीव्रतेने जाणवत नाही, हे त्यासोबत दिलेले उदाहरण नेमके आहे. हा पाठ तिसऱ्या किंवा चौथ्या स्थानावर असता, तर व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक वर्तन ही प्रकरणे लिहिताना लेखकांनाच अधिक दक्ष राहावे लागले असते.

निवेदनाची भाषा संथ आणि स्पष्ट आहे, आकृत्या गरजेपुरत्या आहेत, लेखी टिपणे चित्रफितींची केवळ नक्कल न करता थोडी भर घालतात. उत्तर चुकल्यावर चाचणीत ते का चुकले याचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी मिळते, फक्त मेंदूच्या प्रकरणात ते नाही. एवढे सारे लक्षात घेऊन, प्रथमच हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला आणि कुतूहलापोटी शिकू पाहणाऱ्या प्रौढ वाचकाला मी हा अभ्यासक्रम सुचवेन. ज्यांना आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या मानसिक त्रासावर उपाय हवा आहे, त्यांच्यासाठी तो नाही. त्यांनी प्रशिक्षित व्यावसायिकाकडे जावे.

पाहण्याचा क्रम मात्र दिला आहे तसा ठेवू नये. संप्रदायांचे प्रकरण संपले की थेट शेवटच्या, संशोधनपद्धतींच्या पाठाकडे जावे आणि मग मेंदूपासून पुढे सुरुवात करावी. व्यक्तिमत्त्वाचे प्रकरण बघताना मॅस्लो यांचा मूळ लेख शेजारी उघडून ठेवावा, कारण तो फार मोठा नाही आणि नवशिक्यालाही समजतो. मिलग्रॅम यांच्या पाठानंतर लगेच चाचणी न देता त्यांच्या प्रयोगमालिकेतील बदल शोधून वहीत एक कोष्टक करावे, ज्यात डावीकडे बदललेली परिस्थिती असेल आणि उजवीकडे शेवटपर्यंत गेलेल्यांचे प्रमाण. त्या पाठाच्या चाचणीतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मग चारही पर्यायांच्या बाहेरचे आहे, असे दिसेल.